ॲल्युमिनियममध्ये अडकलेलं लोखंड

गोव्याच्या खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही, म्हणून खिडक्यांच्या चौकटी ॲल्युमिनियमच्या आल्या. जुन्या झाल्या की त्या भंगार अड्ड्यावर जातात आणि त्यांच्यासोबत गंजून घट्ट बसलेले लोखंडी स्क्रूही जातात. ते वेगळे केले नाहीत तर भट्टीत लोखंड ॲल्युमिनियमच्या रसात विरघळतं. मग ‘भंगाराचा माल ठिसूळच’ असं म्हणून लोक मोकळे होतात. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण त्याच लोखंडाने ॲल्युमिनियम कमालीचं बळकटही करता येतं. प्रश्न आहे तो रस किती झपाट्याने गोठला याचा.

रसात लोखंड सहज सामावतं, पण घन ॲल्युमिनियममध्ये जेमतेम ०.०५ टक्के मावतं. उरलेलं जायचं कुठे? वाळूच्या साच्यात रस सावकाश निवतो. स्फटिक फांद्या फोडत वाढतात आणि न मावणारे लोखंडाचे अणू समोरच्या रसात ढकलत जातात. रस कमी होत जातो तसं त्यातलं लोखंडाचं प्रमाण चढत जातं आणि फांद्यांच्या बेचक्यांत शेवटी जो रस उरतो, त्यात ॲल्युमिनियम-लोखंडाचं ठिसूळ संयुग तयार होतं. सिलिकॉन असेल तर तेही त्यात येतं. असा तुकडा घासून चकचकीत केला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की करड्या सुया आडव्यातिडव्या पसरलेल्या दिसतात. खरं तर त्या पातळ पत्र्यांच्या कडा असतात. ताण पडला की तडा बहुधा तिथूनच सुरू होतो.

आता हाच रस बारीक धारेने, वेगात फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडा. ३० ते ५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीची फीत बाहेर पडते. ती थंड होण्याचा वेग सेकंदाला सुमारे १० लाख अंश! घनाची सीमा इतक्या वेगाने पुढे सरकते की लोखंडाचा अणू निसटायच्या आतच ती त्याला गाठते. तो स्फटिकाच्या जाळीतच, म्हणजे अणूंच्या शिस्तबद्ध मांडणीतच, अडकतो. असं काही टक्के लोखंड जाळीत कोंबता येतं. उरलेलं सुयांऐवजी अतिसूक्ष्म कणांच्या रूपात विखुरतं. धातू वाकतो तो स्फटिकातले ‘डिस्लोकेशन’ नावाचे रेषीय दोष सरकतात म्हणून. हे कण त्यांची वाट अडवतात. स्फटिकही बारीक होतात आणि त्यांच्या सीमाही वाट अडवतात. हॉल-पेच नियमानुसार स्फटिकाचा व्यास चौपट घटला की सीमांमुळे मिळणारं बळ दुप्पट होतं. ८.५ टक्के लोखंड, शिवाय व्हॅनेडियम आणि सिलिकॉन असलेलं असं एक मिश्रधातू ३०० अंश सेल्सिअसच्या आसपासही बळ राखून असतं. नेहमीची बळकट ॲल्युमिनियम मिश्रधातू तिथे मऊ पडतात.

लोहार कोयता पाण्यात बुडवतो ती गोष्ट वेगळी. तो कोयता आधीपासून घनच असतो; इथे रसच झटक्यात गोठवायचा आहे.

धातूचे गुण ठरतात ते अणू कुठे बसले यावर.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या विज्ञानसंस्थेत पोल दुवे आणि सहकाऱ्यांनी सोनं-सिलिकॉनचा रस इतक्या झटक्यात गोठवला की स्फटिक बनलेच नाहीत. ती पहिली ‘धातुकाच’, म्हणजे स्फटिक नसलेला, काचेसारखा धातू. अशा काचा फार बळकट असतात, पण ताणल्यावर जवळजवळ न लांबताच तुटतात. ‘पोलादाहून मजबूत’ अशा जाहिरातींत हे सांगत नाहीत.

अडचण जाडीची आहे. जाड तुकड्यातून उष्णता तेवढ्या लवकर निघत नाही, म्हणून फिती दळून, गरम दाबून ठोकळा करावा लागतो, आणि उष्णता जास्त झाली की बारीक कण पुन्हा जाड होतात. लेझरने धातूचं थ्रीडी प्रिंटिंग करताना रसाचं डबकं इवलंसं असल्याने प्रत्येक थर झपाट्याने गोठतो. तिथे मात्र आत ताण साठतो आणि तो घालवायला वस्तू पुन्हा तापवावी लागते.