'हून' आणि 'ला' यांचं वजन

'नुसतं मनात आणलं, आणि गुगलने दाखवलं!' असं कुणी सांगितलं की मला राहवत नाही. यात मनकवडेपणा काही नाही. आहे ते गणित, आणि ते फार सुंदर आहे.

'पुण्याहून नाशिकला बस' आणि 'नाशिकहून पुण्याला बस' ही दोन वाक्यं पाहा. गावं तीच, बस तीच. सगळा फरक 'हून' आणि 'ला' यांत. जुन्या शोधपद्धती मुख्यतः शब्द जुळवायच्या. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन द्यावं, हे ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडलं. कल्पना उत्तमच, पण तिच्यात 'टू', 'फ्रॉम' असले सगळीकडे सापडणारे शब्द हलके ठरतात. ब्राझीलच्या माणसाने अमेरिकेला जायच्या व्हिसाबद्दल विचारावं, तर अमेरिकनांनी ब्राझीलला कसं जावं याची माहिती पुढे यायची. २०१९ मध्ये 'बर्ट' हे मॉडेल, म्हणजे मजकूर वाचून भाषा शिकलेली संगणकप्रणाली, शोधात आणताना गुगलने स्वतःच हे उदाहरण दिलं.

बर्टला शिकवलं कसं? शाळेतल्या 'गाळलेल्या जागा भरा'सारखं. सुमारे ३३० कोटी शब्दांच्या इंग्रजी मजकुरातले साधारण १५ टक्के शब्द निवडून, त्यातले बहुतेक झाकून, ते ओळखायला लावलं. त्यासाठी डावी-उजवी, दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. बर्टच्या लहान आवृत्तीत प्रत्येक शब्द म्हणजे ७६८ आकड्यांची यादी. समजायला सोपं म्हणून मराठीतलं 'पान' घ्या. त्याची यादी वाक्यातल्या प्रत्येक शब्दाच्या यादीशी ताडून पाहिली जाते: आकड्याला आकड्याने गुणायचं, बेरीज करायची. बेरीज जितकी मोठी, तितका त्या शब्दाचा वाटा जास्त. सगळ्या वाट्यांची बेरीज एक होईल असं बसवून, त्या प्रमाणात इतर शब्दांचे आकडे 'पान'मध्ये मिसळतात. शेजारी 'चुना' असेल तर 'पान' विड्याकडे सरकतं, 'पुस्तक' असेल तर पृष्ठाकडे. असे बारा थर, आणि प्रत्येक थरात हीच तुलना बारा वेगवेगळ्या अंगांनी. एवढ्या गाळणीतून गेल्यावर 'टू' कुठल्या देशाला चिकटला आहे हेही त्या आकड्यांत उतरतं.

मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडलेला. इथे बर्टची दुसरी युक्ती कामी येते: अनोळखी शब्दाचे ते तुकडे करतं, त्यामुळे 'हून' वेगळा हाती लागू शकतो. म्हणून शोधताना प्रत्यय गाळू नका. 'पुणे नाशिक बस' एवढंच लिहिलं, तर निघायचं कुठून हे सांगायला शब्दांच्या क्रमाखेरीज काहीच उरत नाही.