नदीकाठचा वाडा आणि भिंतीत चढणारं पाणी

कागदाचा पहिला वैरी म्हणजे ओल. तरीही पेशवाईतल्या सर्वांत जाणत्या कारभाऱ्याचे कागद नदीकाठच्या घरात राहिले! वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटाला लागूनच नाना फडणवीसांचा वाडा आहे. हे गाव नानांना 1768 मध्ये इनाम मिळालं. अभ्यासक ज्याला ‘मेणवली दफ्तर’ म्हणतात, ते इथलंच.

वाडा बघायला गेलात तर खांब आणि चौक बघण्याआधी जरा खाली, जोत्याकडे बघा. माझ्या मते खरी हुशारी तिथे आहे.

पुराचं पाणी येतं, दिसतं, ओसरतं. भिंतीला जास्त छळतं ते जमिनीतून गुपचूप चढणारं पाणी. समईची वात तेल वर ओढते, तशी वीट पाणी ओढते, कारण तिच्यातली बारीक छिद्रं एकमेकांना जोडलेली असतात. भिंतीवर आलेलं पाणी उडून जातं, पण त्यात विरघळलेले क्षार मागेच राहतात. त्यांचे स्फटिक छिद्रांत वाढतात आणि वीट आतून फोडतात. भिंतीला लोणा लागला म्हणतात तो हाच. बोट फिरवलं की पांढरट भुगा हाताला लागतो.

यावर उतारा म्हणजे आपला काळा दगड, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. अर्थात तोही सगळा सारखा नसतो. लाव्हाच्या थराच्या माथ्याशी वायूचे बुडबुडे अडकून दगड सच्छिद्र होतो, पोटातला मात्र घट्ट राहतो. हातोडी मारली की घट्ट दगड खणखणतो, सच्छिद्र बद्द वाजतो. घट्ट दगडात पाण्याला चढायला वाट जवळजवळ नसतेच. म्हणून जुन्या वाड्यांत खाली घडीव दगडाचं जोतं आणि त्यावर विटा, माती, लाकूड.

राहिले सांधे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेला कळीचा चुना पाण्यात विझवून, वाळू घालून, बैल फिरवतात त्या दगडी घाण्यात मळायचा. भिंतीत गेल्यावर तो हवेतला तोच वायू वर्षानुवर्षं पुन्हा शोषतो आणि परत चुनखडी होतो. तरी त्याची छिद्रं बुजत नाहीत. आत शिरलेली ओल त्यांतून बाहेर पडते.

आता जुन्या भिंतीवर हौसेने सिमेंटचा गिलावा चढवतात. दोन-चार वर्षं भिंत छान दिसते. आत कोंडलेली ओल मात्र आणखी वर सरकते, आणि जिथे गिलावा संपतो तिथे लोणा फुटतो.