वृत्तपत्रविक्रेत्याचा खेळ

मागणी निश्चित ठाऊक नसताना किती माल मागवावा, हा निर्णय विद्यार्थ्यांना अनुभवातून शिकवण्यासाठी व्यवस्थापन, औद्योगिक अभियांत्रिकी आणि अर्थशास्त्र यांच्या वर्गांत खेळला जाणारा खेळ. विक्रेत्याने अंकांची संख्या आदल्या रात्रीच ठरवायची असते. कमी मागवले तर गिऱ्हाईक परत जाते आणि जास्त मागवले तर उरलेले अंक रद्दीच्या भावाने जातात. फुले, भाजी, हंगामी कपडे अशा थोडक्या काळापुरत्या विकल्या जाणाऱ्या मालाचे निर्णय याच साच्यात बसतात. या प्रश्नाचे गणिती मूळ फ्रान्सिस एजवर्थ यांनी बँकेने हाताशी किती रोकड ठेवावी याविषयी १८८८ मध्ये केलेल्या विवेचनात सापडते. वृत्तपत्रांचे उदाहरण त्याला विसाव्या शतकाच्या मध्यास येऊन चिकटले.

खेळाला साहित्य फारसे लागत नाही. एका सोप्या प्रकारात शिक्षक दोन फासे टाकतो आणि पडलेल्या दानाची दहापट ही त्या दिवसाची मागणी धरतो; ती २० ते १२० यांच्या दरम्यान आणि सरासरीने ७० असते. अंक ४ रुपयांना घ्यायचा, १० रुपयांना विकायचा आणि उरलेला १ रुपयाला रद्दीत घालायचा. प्रत्येकाने आपला आकडा फासे पडण्यापूर्वी शाईने लिहावा, हा नियम क्षुल्लक वाटला तरी सैल सोडू नये, कारण पेन्सिलीने लिहिलेले आकडे दान पडल्यावर शहाणे होतात.

येथे एक अंक कमी पडला तर ६ रुपयांचा नफा हुकतो आणि एक उरला तर ३ रुपये बुडतात. म्हणून सगळी मागणी भागण्याची शक्यता ६ भागिले ९, म्हणजे दोन-तृतीयांश, किंवा त्याहून अधिक होईल अशी सर्वांत लहान संख्या मागवावी, असे सूत्र सांगते. सात किंवा त्याहून कमी दान पडण्याची शक्यता ३६ पैकी २१ आणि आठ किंवा त्याहून कमी पडण्याची ३६ पैकी २६ असल्यामुळे उत्तर ८० येते. सूत्र फळ्यावर दहा मिनिटांत मांडता येते. तेवढ्यासाठी खेळाची गरज नाही. गरज पडते ती पुढच्या गोष्टीसाठी. ८० मागवणारा हा ७० मागवणाऱ्यापेक्षा ३६ पैकी २१ वेळा ३० रुपयांनी मागे पडतो आणि उरलेल्या १५ वेळा ६० रुपयांनी पुढे जातो. दर फेरीमागे त्याची सरासरी बढत अवघी साडेसात रुपये भरते. त्यामुळे पाच-सहा फेऱ्यांत बरोबर आकडा लिहिणारा हरलेला दिसणे अगदी स्वाभाविक आहे, आणि सर्वाधिक नफा मिळवणाऱ्याला शाबासकी देऊन तास संपवणारा शिक्षक नकळत नशिबालाच शाबासकी देतो.

विद्यार्थी कसे चुकतात, याचा सर्वांत प्रसिद्ध अभ्यास मॉरिस श्वाइट्झर आणि जेरार्ड काशॉन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मागणी १ ते ३०० यांपैकी कोणतीही, सारख्याच शक्यतेने येणारी, आणि विक्रीची किंमत १२ होती. खरेदी ३ ला असेल तर २२५ आणि ९ ला असेल तर ७५ मागवणे योग्य ठरते. प्रत्यक्षात सहभागींचे आकडे दोन्ही वेळा १५० या सरासरीकडे ओढले गेले. केवळ जोखमीची भीती हे याचे कारण मानता येत नाही, कारण भित्र्या माणसाने दोन्हीकडे कमीच मागवले असते. आदल्या फेरीतील मागणीच्या मागे धावण्याची खोडही अशा प्रयोगांत वारंवार आढळते, जरी नव्या दानाचा जुन्याशी काडीचाही संबंध नसतो.

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील 'बिअर गेम' हा याचा अधिक गाजलेला भाऊबंद. पण त्यात किरकोळ दुकानदार ते कारखाना अशी चार जणांची साखळी असते आणि गोंधळ उडतो तो मुख्यतः माल पोहोचण्यातील विलंबामुळे. गिऱ्हाइकाची मागणी तेथे ४ पेट्यांवरून एकदाच ८ वर जाते व तेथेच राहते, तरी कारखान्याकडे पोहोचणाऱ्या मागण्या मोठ्या हेलकाव्यांनी वरखाली होतात. जोखमीचा निर्णय सुटा करून दाखवायचा असेल, तर वृत्तपत्रांचाच खेळ आधी घ्यावा.

फेऱ्या वाढवल्या की शहाणपण आपोआप येते, हा समजही फारसा टिकलेला नाही. गॅरी बोल्टन आणि एलेना काटोक यांच्या २००८ च्या प्रयोगांत दर फेरीला आकडा बदलण्याची मुभा काढून घेऊन एकच आकडा सलग दहा फेऱ्यांसाठी बांधून घेतला, तेव्हा सहभागींचे निर्णय सुधारले. वर्गातही पहिल्या काही मोकळ्या फेऱ्यांनंतर हीच अट घालता येते.