पिस्तुलाचं बोअर बदलायचंय? मिस्त्रीकडे नको, आधी परवान्याचं पुस्तक काढा

कोर्टाच्या आवारात बसून अर्ज लिहून देणं हे माझं काम. उतारे, वारसा, जातीचे दाखले यांच्या गर्दीत वर्षाला चार-दोन बंदूक परवान्यांची कामंही येतात. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे आमच्या भागात निवृत्त फौजी पुष्कळ. त्यातले बरेच जण पुढे बँकेत किंवा पैशांच्या गाडीवर बंदूकधारी म्हणून लागतात. असेच एक सुभेदारमामा परवा आले आणि त्यांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. त्यावर कुणीतरी बॉलपेनने लिहून दिलं होतं: '.३२ चं ९ एमएम. नळी, मॅगझिन.' म्हणजे पिस्तुलाचं बोअर, नळीच्या आतलं माप, .३२ वरून ९ एमएम करायचं.

"एवढं परवान्यावर चढवून द्या की. पिस्तूल तेच, नंबर तोच. नुसती नळी बदलायची."

"मामा, ही चिठ्ठी आधी फाडा," मी म्हटलं, "आणि ज्यानं दिली त्याच्याकडे परत जाऊ नका."

त्यांना राग आला. आयुष्य शस्त्रं हाताळण्यात गेलेल्या माणसाला कागदवाल्यानं शिकवावं हे कुणालाही लागेलच. पण पलटणीतलं शस्त्र सरकारचं असतं, घरातलं परवान्याचं, आणि परवान्यात जे लिहिलंय त्याच्यापलीकडे एक स्क्रूसुद्धा आपला नसतो. मामांना जे समजावलं तेच इथे लिहितो. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच हातात देईन.

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याच्या कलम ५ मध्ये शस्त्र बनवणं, विकणं, दुरुस्त करणं यांच्याबरोबर शस्त्रात रूपांतर करणं हेही स्पष्ट लिहिलंय, आणि या प्रत्येक कामाला वेगळा परवाना लागतो. तुमच्या-माझ्याकडे असतो तो शस्त्र बाळगण्याचा. त्यात बोअर बदलण्याची मुभा येत नाही. परवान्याशिवाय असं काम करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. करून घेणाराही त्यातून सहज सुटत नाही, कारण परवान्यावर एक बोअर आणि हातात दुसरं म्हणजे बिनपरवाना शस्त्रच झालं. नळी, स्लाइड असे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत शस्त्रातच मोडतात. त्यामुळे 'बाहेरून किट मागवतो, पार्सलनं येतंय' हा बेतही कलम १० ला, म्हणजे विनापरवाना आयातीला, जाऊन भिडतो.

आता ९ एमएमची गोष्ट. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत प्रतिबंधित बोअर कोणती ते दिलंय. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपुरतं सांगायचं तर ज्या कुठल्या शस्त्रात .३८० किंवा .४५५ ची कडवाली (बुडाला बाहेर आलेली कड असलेली) काडतुसं, किंवा लष्करी ९ एमएम वा .४५ ची काडतुसं बसतात आणि झडतात, ते प्रतिबंधित. 'बसतात आणि झडतात' हे शब्द महत्त्वाचे. कंपनीनं काय छापलंय ते दुय्यम. म्हणजे .३२ च्या पिस्तुलात ९ एमएमची नळी बसवली त्या क्षणी ते साध्या वर्गातून प्रतिबंधित वर्गात गेलं. प्रतिबंधित बोअरचा परवाना जिल्ह्यात मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय. आणि तसं शस्त्र परवान्याशिवाय सापडलं तर ७ ते १४ वर्षं.

मामा जरा शांत झाले. मग विचारलं, "मग .२२ करून घेतलं तर? ते तर चालतं." .२२ चालतं, खरंय. पण आहे त्या पिस्तुलाचं .२२ करणं चालत नाही. त्यासाठी दुसरं पिस्तूल घ्यावं लागतं.

इथे एक खोच आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बोअर बदलायचंय म्हणून जे अर्ज येतात त्यातल्या काहींत बदलायचं काहीच नसतं, नुसती नोंद चुकलेली असते. .३२ पिस्तुलाचं काडतूस आणि ७.६५ एमएम ब्राउनिंग हे एकच आहे, एक माप इंचात आणि दुसरं मिलिमीटरमध्ये. परवान्यावर ७.६५ आणि काडतुसाच्या डब्यावर .३२ बघून माणूस घाबरतो. उलटही होतं. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब आणि कडवालं असतं, पिस्तुलाचं आखूड असतं, आणि ही दोन्ही एकमेकांत चालत नाहीत. आपल्या आयुध निर्माणीचं 'अशनी' पिस्तूल आणि तिथलंच .३२ रिव्हॉल्व्हर, दोन्हीवर .३२ लिहिलेलं असलं तरी राऊंड वेगळे. परवान्यावर पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर चढलं असेल तर तो नोंददुरुस्तीचा अर्ज आहे. त्याला खरेदीची पावती आणि शस्त्र तपासणी पुरते.

खरंच दुसऱ्या बोअरचं शस्त्र हवं असेल तर रस्ता असा: जुनं शस्त्र रीतसर काढून टाकायचं, नाहीतर ठेवून द्यायचं, आणि नव्याची नोंद मागायची. २०१९ पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालायची. म्हणजे घरात एकच पिस्तूल असेल तर जुनं न विकताही दुसरं मागता येतं. दोन असतील तर एक काढावंच लागेल. वडिलोपार्जित बंदूकही या दोनातच मोजली जाते, हे खानापूरकडच्या मंडळींनी ध्यानात ठेवावं. शेतात डुकरं येतात म्हणून आजोबांनी घेतलेली ठासणीची बंदूक अजून बऱ्याच घरांत आहे. आणि कोडगूमधल्या लोकांना परवान्यातून सूट आहे म्हणून 'कर्नाटकात चालतं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती सूट तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा (वंशपरंपरेनं चालत आलेल्या) जमीनधारकांना आहे, आपल्याला नाही.

जुनं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर कलम ५ चीच एक अट आहे. जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. हे ४५ दिवस मोजायला माझ्याकडचे लोक हमखास चुकतात. अर्जाची पोहोच घेत नाहीत, मग कळवलं कधी हेच सिद्ध करता येत नाही. पोहोचेवर शिक्का आणि तारीख हवीच. परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे विकणं किंवा जमा ठेवणं जास्त सोपं पडतं, कारण पावती त्याच्या वहीतून मिळते आणि तीच पुढे अर्जाला जोडता येते.

अर्ज कुठे, यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त फेऱ्या वाया जातात. खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी अशा ठिकाणी राहत असाल तर परवाना प्राधिकारी जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्या बोलीतलं डीसी ऑफिस. पण बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय आहे, आणि जिथे आयुक्त नेमलेले असतात तिथे शस्त्र कायद्यात जिल्हा दंडाधिकारी म्हणजे आयुक्तच. त्यामुळे टिळकवाडी, शहापूर, अनगोळकडच्या माणसानं डीसी ऑफिसच्या रांगेत उभं राहून उपयोग नाही. हद्दीवरच्या खेड्यांत तर आपलं ठाणं आयुक्तांकडे की एसपींकडे हे आधी ठाण्यातच विचारून घ्यावं. गेल्या वर्षी एकाचे दोन महिने चुकीच्या टेबलावर गेले. तिथल्या कारकुनानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि ठेवून दिला.

अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो, शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय नोंदणीच्या पोर्टलवर. त्यासाठी परवान्याला यूआयएन, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, हवा. जुन्या पुस्तकावर तो नसेल तर सगळ्याच्या आधी तो घ्या, त्याच्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. भरलेल्या अर्जाची प्रत काढून कागदांसकट कचेरीत द्यायची. फी कर्नाटकात खजाने-२ च्या (राज्य सरकारच्या ऑनलाइन कोषागाराच्या) चलनानं भरतात.

कागद काय काय? मूळ परवाना, जुन्या शस्त्राची खरेदी पावती, ते विकलं किंवा जमा केलं असेल तर त्याचा पुरावा, आधार, राहण्याचा पुरावा, फोटो, मानसिक आणि शारीरिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याचं हमीपत्र. शिवाय नवं शस्त्र कशाला हवंय याचं कारण, आणि यावर मी नेहमी जास्त वेळ घालवतो. 'स्वसंरक्षणासाठी' एवढं एकच वाक्य लिहिलं की पोलीस अहवालात प्रश्न निघणारच. बंदूकधारी म्हणून नोकरी असेल तर नेमणूकपत्र जोडा. नेमबाजीचा सराव असेल तर रायफल क्लबचं सभासदत्व जोडा. जे खरं असेल तेच लिहा, पण सविस्तर.

नावाच्या स्पेलिंगचा भोग आपल्या भागाला जरा जास्तच आहे. सातबारावर कन्नडमध्ये एक, शाळेच्या दाखल्यावर मराठीत दुसरं, आधारवर इंग्रजीत तिसरं, आणि परवान्यावर एखाद्या बदली कारकुनानं लिहिलेलं चौथं. भाषेचा वाद आहे तो आहेच, पण या अर्जापुरतं मी म्हणेन की सगळी नावं एक करणारं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. गावाचं जुनं-नवं नावही त्यातच येऊ द्या. बेळगावचं अधिकृत बेळगावी २०१४ मध्ये झालं, आणि त्याआधीच्या परवान्यांवर जुनंच नाव आहे.

पुढे पोलीस चौकशी. ठाण्यातून माणूस घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, कपाट बघतो. निवडणूक जाहीर झालेली असेल तर मुळात शस्त्रं ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, त्या काळात हे काम पुढे सरकत नाही. नकार आला तर कारणं लेखी मागा. कलम १४ प्रमाणे ती सहसा द्यावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील करता येतं. लग्नाच्या वरातीत हवेत गोळी झाडल्याची नोंद असेल तर मात्र अपिलातही फारसं काही हाताला लागत नाही. त्यासाठी आता २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही आहे.

आणखी एक, चंदगडला सासर असलेल्यांसाठी. नवी नोंद झाली तरी परवान्याची हद्द तीच राहते. पुस्तकावर नुसतं कर्नाटक लिहिलं असेल तर पिस्तूल घेऊन शिनोळीचा नाका ओलांडायचा नाही, सासरवाडी दोन मैलांवर असली तरी.

मामांनी शेवटी .२२ चाच अर्ज केला, दुसरं शस्त्र म्हणून. नोंद झाली त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. कारकुनानं फ्रेमवरचा नंबर मोठ्यानं वाचला आणि वहीत लिहिला. मामांनी चष्मा पुसला, पिस्तूल उजेडात धरलं आणि म्हणाले, "साहेब, सहा नव्हे, आठ आहे ओ." भिंगानं बघितलं तर आठच होता. खिडकीवरून हलण्याआधी खाडाखोडीवर सही आणि शिक्का घेतला, तिथेच.