खाट कोणाला मिळाली? केंब्रिजच्या मध्ययुगीन रुग्णालयाची पार्श्वभूमी

२०१० ते २०१२ या काळात केंब्रिजमध्ये सेंट जॉन्स कॉलेजच्या एका जुन्या इमारतीखाली उत्खनन झाले आणि सुमारे ४०० जणांच्या अस्थी हाती आल्या. ही सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट रुग्णालयाची दफनभूमी. रुग्णालय उभे राहिले ११९५च्या सुमारास, नगरवासीयांच्या दानातून.

रुग्णालय म्हटले की वैद्य, औषधे, शस्त्रक्रिया डोळ्यांसमोर येतात. इथे त्यातले फारसे काही नव्हते. धर्मशाळा आणि अन्नछत्र यांच्या जवळ जाणारी ही जागा होती: खाट, जेवण, ऊब आणि दात्यांच्या आत्म्यासाठी करायची प्रार्थना. सोय एका वेळी जेमतेम डझनभर माणसांची. मग आत घ्यायचे कोणाला? तेराव्या शतकातल्या नियमांनुसार गरोदर स्त्रिया, कुष्ठरोगी, जखमी, अपंग आणि मनोरुग्ण यांना प्रवेश नव्हता. प्रत्यक्षात कोण आत आले, हे मात्र हाडांमुळेच कळले.

इथले प्रौढ गावातल्या इतरांपेक्षा सरासरी इंचभर बुटके होते, त्यांना मरणही लवकर येई, आणि क्षयाच्या खुणा त्यांच्यात अधिक दिसतात. मुलांचे वाचून तर गलबलून येते. काहींच्या हाडांची वाढ वयाच्या मानाने सुमारे पाच वर्षे मागे होती. ती बहुधा अनाथ असावीत.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतात ती आठ माणसे. दात लहानपणी घडतात आणि तसेच राहतात. हाड मात्र आयुष्यभर झिजते, पुन्हा भरते. म्हणून दोन्हींतले कार्बन आणि नायट्रोजनचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू, ज्यांच्या प्रमाणात आहाराची खूण उरते) ताडून पाहिले, की बालपणीचे ताट आणि नंतरचे ताट शेजारी मांडता येते. या आठ जणांचा आहार पुढे निकृष्ट होत गेला होता. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घरातली, पण दिवस फिरलेली माणसे. हात पसरायची लाज वाटणाऱ्या अशा गरिबांना मदत करणे त्या काळी मोठे पुण्य मानले जाई.

आणखी एक गट अनपेक्षित निघाला. कारागीर आणि शेतकरी यांच्या उजव्या दंडाचे हाड कामाने जास्त भरते. इथल्या दहाएक पुरुषांची दोन्ही दंडांची हाडे सारखी होती, आणि कुपोषणाच्या किंवा जुनाट आजाराच्या खुणाही त्यांच्यात नव्हत्या. हे विद्यापीठातले विद्वान असावेत, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. घर दूर, आजारपणात उशाशी बसायला कोणी नाही. त्यांनाही इथेच आसरा मिळाला असेल. पुढे १५११मध्ये रुग्णालय बंद झाले आणि त्याच जागेवर सेंट जॉन्स कॉलेज उभे राहिले.