ज्वारी संशोधन, इंदूर

ज्वारी या तृणधान्याचे गुणधर्म आणि उपयोग यांवर झालेले शास्त्रीय काम. त्यातही माळव्याच्या पावसाळी ज्वारीवर इंदूरला झालेले काम हा या नोंदीचा विषय आहे. ज्वारीचे शास्त्रीय नाव सोर्घम बायकलर, कुल पोएसी. मका, ऊस आणि बाजरी ही याच कुलातली. मराठी वाचकाला ज्वारी म्हटले की सोलापूर, मंगळवेढा, मालदांडी आणि रब्बीचा हंगाम आठवतो. माळव्यातली ज्वारी मात्र खरिपाची. जून-जुलैत पेरलेले हे पीक सबंध पावसाळा अंगावर घेते. इथल्या संशोधनाचे बहुतेक प्रश्न याच एका गोष्टीतून निघाले आहेत.

इंदूरला शेतीसंशोधनाची परंपरा ज्वारीच्या आधीची आहे. 1924 मध्ये येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री सुरू झाली. होळकर दरबाराने तिला सुमारे 300 एकर जमीन दिली. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे पहिले संचालक. संस्थेचे मुख्य काम कपाशीचे, पण तिचे नाव जगभर गेले ते कंपोस्टच्या ‘इंदूर पद्धती’मुळे. पराट्या, पालापाचोळा, शेण आणि गोठ्यातली मूत्र मुरलेली माती यांचे थर रचून, वेळोवेळी उलथापालथ करून खत करण्याची ही रीत. ती मांडताना हॉवर्ड यांचे सहकारी होते यशवंत वाड, आणि 1931 च्या ग्रंथावर दोघांचीही नावे आहेत. इंदूरबाहेर लिहिताना वाडांचे नाव सहसा गळते. तसे होऊ नये. गांधीजींनी 1935 मध्ये येथे येऊन ही पद्धत पाहिली होती. पुढे याच आवारात कृषी महाविद्यालय आले. 1964 पासून ते जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाकडे होते आणि 2008 मध्ये ग्वाल्हेरला राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय स्थापन झाल्यावर तिकडे गेले. अखिल भारतीय समन्वित ज्वारी प्रकल्पाचे काम याच महाविद्यालयात चालत आले आहे. इथून निघालेल्या वाणांच्या नावांत हा इतिहास उमटलेला दिसतो: जवाहर ज्वार 741, 938 आणि 1041 हे आधीचे, राजविजय ज्वार 1862 हा नंतरचा.

ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतली. माणसाळलेल्या ज्वारीचा सर्वांत जुना पुरावा पूर्व सुदानात सापडला असून तो इसवी सनापूर्वीच्या चौथ्या सहस्रकातला आहे. हार्लन आणि डी वेट यांनी 1972 मध्ये लागवडीच्या ज्वारीचे बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर आणि दुर्रा असे पाच वंश मानले. घट्ट कणसाची आणि मोत्यासारख्या दाण्याची आपली ज्वारी बहुतांशी दुर्रा वंशातली. गुणसूत्रे 20. सुमारे 73 कोटी आधारक जोड्यांचा तिचा जनुकसंच 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. मक्याच्या मानाने तो लहान, साधारण एक तृतीयांश; त्यामुळे उसासारख्या गुंतागुंतीच्या पिकांच्या अभ्यासालाही त्याचा आधार होतो.

अवर्षण सोसण्याची तिची ताकद प्रसिद्ध आहे, पण ती एका गुणात नाही. प्रकाशसंश्लेषणाची चार-कार्बनी पद्धत थोड्या पाण्यात जास्त साखर बनवते. पानांवर आणि ताटावर मेणाचा थर असतो, मुळे खोल जातात. ताण पडला की पाने गुंडाळली जातात आणि वाढ थांबते. पाऊस आला की झाड पुन्हा चालू लागते. मका अशा वेळी सहसा परतत नाही. दाणे भरताना पाणी तुटले तरी पाने हिरवी ठेवणाऱ्या काही जाती आहेत, आणि त्या गुणाचे जनुकीय पत्ते आता बरेचसे माहीत झाले आहेत. हा गुण सोलापूरकडे फार मोलाचा. इंदूरला वर्षाला साधारण 950 ते 1000 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे पिकाचे दुखणे निराळे.

ज्वारीच्या फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकत्र असतात आणि ती मुख्यतः स्वपरागित आहे. प्रत्येक फूल हाताने खच्ची करून संकरित बियाणे काढणे शेतीच्या प्रमाणावर अशक्य होते. 1954 मध्ये अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी मायलो ज्वारीचे पेशीद्रव्य आणि काफिर ज्वारीचे केंद्रक एकत्र आणून नरवंध्य, म्हणजे स्वतःचे परागकण न देणारे, झाड मिळवले, आणि वाट मोकळी झाली. भारतात 1964 मध्ये सीएसएच 1 हा पहिला संकर प्रसारित झाला. बुटका, सुमारे 100 दिवसांत येणारा, खताला चांगला प्रतिसाद देणारा. गावरान ज्वारीच्या तुलनेत त्याचे उत्पन्न डोळ्यांत भरणारे होते.

त्याचे मोल मात्र दाण्यात चुकवावे लागले. माळव्याच्या जुन्या, उंच गावरान ज्वारी प्रकाशसंवेदी होत्या. दिवस लहान होऊ लागल्याशिवाय त्या निसवत नसत; पेरणी आठ-पंधरा दिवस मागेपुढे झाली तरी फुलोरा पाऊस सरत आल्यावरच येई आणि दाणा कोरड्या हवेत भरे. वाढीचा कालावधी लांबवणारा हा स्वभाव आळस नव्हता, ते संरक्षण होते. संकरित ज्वारीतून तो काढून टाकला गेला. शंभर दिवसांत पिकणारे कणीस सप्टेंबरच्या पावसात सापडले. फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया, आल्टर्नेरिया अशा बुरशींनी दाणे काळवंडू लागले. काळी ज्वारी बाजारात स्वस्तात जाते, बी म्हणून नीट उगवत नाही आणि तिची भाकरी कडवट लागते. धोका चवीपुरताही नाही: 1995 मध्ये दख्खनच्या काही खेड्यांत पावसात भिजून बुरसलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने पोटदुखी व अतिसाराची साथ आली, आणि तिचे कारण फ्युजेरियमचे फ्युमोनिसिन हे विष असल्याचे दाखवले गेले.

म्हणून खरीप ज्वारीच्या प्रत्येक केंद्रावर बुरशीविरोध ही पहिली कसोटी झाली, आणि इंदूरही त्यात आले. दाण्याचा आतला भाग काचेसारखा कठीण असेल तर बुरशी आत शिरायला वेळ लागतो. पिठूळ दाणा लवकर बळी पडतो. मोकळे कणीस लवकर वाळते, घट्ट कणसात ओल अडकते. लाल-तपकिरी दाण्यातले टॅनिन बुरशीला अडवते, पण तेच प्रथिनांना बांधून पचन बिघडवते आणि भाकरीचा रंग घालवते. आपल्याला हवा पांढरा, टॅनिन नसलेला आणि तरीही न बुरसणारा दाणा. एकमेकांच्या विरुद्ध जाणाऱ्या या मागण्या एका वाणात पूर्णपणे बसवणे आजवर कोणालाच साधलेले नाही. जे वाण आहेत ते कमी-अधिक सहनशील आहेत. शेतकऱ्याच्या हातातला उपाय साधा आहे. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झालेला असतो. मग पूर्ण वाळण्याची वाट न पाहता कणसे काढून छपराखाली वाळवावीत.

याच काळात माळव्याने ज्वारी सोडली. 1970 नंतर सोयाबीन आले. 90 ते 100 दिवसांत शेत मोकळे होते, मागून गहू किंवा हरभरा घेता येतो, तेल कारखाने रोख भाव देतात. पाच महिने शेत अडवणारी गावरान ज्वारी या हिशेबात टिकणे कठीण होते. 1987 मध्ये केंद्र सरकारने ज्वारीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र हैदराबादला आणि सोयाबीनचे इंदूरला स्थापन केले; त्या एका वर्षात माळव्याचा कल स्पष्ट दिसतो. देशातही 1960 च्या सुमारास ज्वारीखाली 1.8 कोटी हेक्टरांच्या आसपास जमीन होती, ती आता सुमारे 40 लाख हेक्टरांवर आली आहे. इंदूरच्या आसपास सोयाबीनच्या अफाट पट्ट्यात एखाद्यानेच ज्वारी पेरली तर पंचक्रोशीतली पाखरे त्या एका तुकड्यावर उतरतात. हा तोटा प्रयोगक्षेत्राच्या आकड्यांत दिसत नाही, पण पेरणीचा निर्णय त्यावर ठरतो. निमाडात, म्हणजे खरगोन, बडवानी, खंडवा या भागांत, ज्वारी अजून बरी टिकून आहे, आणि त्याचे एक मोठे कारण कडबा.

उत्पादनाचे आकडे दाण्यात मोजण्याची सवय संशोधनाला होती. गुरे राखणारा शेतकरी दाणा आणि ताट दोन्ही मोजतो. बुटक्या संकरांनी कडबा घटवला, म्हणून पुढे दुहेरी उपयोगाचे वाण काढावे लागले. इंदूरचा जवाहर ज्वार 1041 त्याच प्रकारचा. उंची ठरवणारे चार मुख्य जनुक क्विन्बी आणि कार्पर यांनी 1954 मध्येच दाखवले होते. त्यांतला एक जनुक ऑक्सिन या संप्रेरकाची वाहतूक चालवतो, हे 2003 मध्ये कळले. उंची किती ठेवायची हे आता पैदासकाराच्या हातात आहे.

कोवळ्या ज्वारीचा एक गुण प्रत्येक गुराख्याला ठाऊक असतो: पोटरीत येण्याआधी ती गुरांना घालायची नाही, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. कारण धुरिन. 1902 मध्ये डन्स्टन आणि हेन्री यांनी हे द्रव्य वेगळे केले. पानात धुरिन एका जागी आणि त्याला फोडणारे विकर दुसऱ्या जागी असते. गाय पान चावते, दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल सुटते. ते पेशींचे श्वसन बंद पाडते. रक्तात प्राणवायू असून पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून अशा जनावराचे रक्त लालभडक दिसते. कोवळे फुटवे, कापणीनंतरचा खोडवा आणि पावसाने ताण दिलेले खुरटे पीक यांत धुरिन सर्वाधिक. नायट्रोजन खत जास्त पडले तरी ते वाढते. पन्नास टक्के पीक फुलोऱ्यात आले की धोका बराच उतरतो. वाळवून कडबा केला किंवा मुरघास केला तरी कमी होतो. विषबाधा झालीच तर पशुवैद्याला ताबडतोब बोलवावे. सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन वेळेत मिळाले तर जनावर वाचते. माणसांसाठीही एक सूचना यातूनच निघते. मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबांत धुरिन भरपूर असते, म्हणून ती कच्ची खाऊ नये. नाचणीच्या सत्त्वाची रीत ज्वारीला लावताना वाळवल्यावर मोड चोळून काढून टाकावेत आणि पीठ नीट शिजवावे.

खाण्याच्या गुणांवरचे संशोधन इंदूरपेक्षा हैदराबादला अधिक झाले, पण त्याचे उत्तर इंदूरच्या रामबाग-लोकमान्यनगरातल्या कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात तपासता येते. ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे गव्हासारखी कणीक तिंबून लवचीक होत नाही. आधणाचे पाणी घातले की पिठातला काही स्टार्च फुगतो आणि चिकटतो. त्या चिकटपणावर भाकरी थापली जाते. साठवलेल्या पिठातली स्निग्धे हवेने खवट होतात, पिठाची विरी जाते, भाकरी कडेने तुटते. दळण थोडे आणि ताजे आणण्याच्या रीतीमागे हे रसायन आहे. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेच्या भाकरी-चाचण्यांत मालदांडी म्हणजे एम 35-1 हीच तुलनेची ज्वारी राहिली. पावसात न भिजलेला, पांढरा, चमकदार दाणा हे तिचे निम्मे यश आहे. खरीप वाणाला चवीत कमी लेखताना हे ध्यानात ठेवले पाहिजे: त्याचा दोष पुष्कळदा जातीचा नसतो, ओल्या सप्टेंबरचा असतो.

शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिने, 10 ग्रॅम तंतू आणि 4 मिलिग्रॅम लोह असते. प्रथिने पुरेशी, पण दोन अडचणी आहेत. लायसिन हे अमिनो आम्ल कमी आहे. आणि काफिरिन हे मुख्य प्रथिन पाण्यात शिजल्यावर गंधकाच्या बंधांनी आणखी घट्ट गुंतते, त्यामुळे पचायला जड होते. आंबवल्याने त्यात सुधारणा होते. 1960 मध्ये हैदराबादच्या पोषण संस्थेतील गोपालन आणि श्रीकांतिया यांनी केवळ ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतल्या पेलाग्राचा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाचा, संबंध तिच्यातल्या ल्यूसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी जोडला. त्या मीमांसेवर पुढे वाद झाला, पण त्या रुग्णांचे ताट एकांगी होते ही गोष्ट निर्विवाद आहे. ज्वारी-तुरीचे मिश्रपीक घेणाऱ्या माळव्यात भाकरीसोबत वरण येई आणि डाळीतले लायसिन धान्याची उणीव भरून काढी. ज्वारीची आज ‘सुपरफूड’ म्हणून जी जाहिरात चालते तिच्यात ही डाळ वगळलेली असते, आणि ते मला योग्य वाटत नाही. लोह-जस्त वाढवलेला परभणी शक्ती हा वाण 2018 मध्ये आला. त्यात लोह दर किलोला सुमारे 45 मिलिग्रॅम, जस्त सुमारे 32.

बाकीचे उपयोग थोडक्यात. गोड ताटाच्या ज्वारीचा रस उसासारखा पिळून काकवी आणि इथेनॉल करतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर दीर्घकाळ काम केले. काळवंडलेली ज्वारी स्टार्च, मद्यार्क आणि कोंबडीखाद्याकडे जाते. मात्र बुरशीचे विष तपासल्याशिवाय ती खाद्यात घालू नये. मुळांतून स्रवणारे सोर्गोलिओन हे द्रव्य आसपासच्या तणांची वाढ दाबते आणि जमिनीतल्या नायट्रोजनचे नायट्रेट होण्याची गती कमी करते, त्यामुळे खताची नासाडी घटते. ज्वारीच्या मुळांतून येणारे स्ट्रायगोलॅक्टोन मात्र उलट काम करतात: त्यांचा सुगावा लागताच टारफुला या परजीवी तणाचे बी रुजते आणि मुळाला चिकटून झाड शोषून घेते. हा संकेत बदलणारा जनुक 2017 मध्ये ओळखला गेला. त्याचा लाभ शेतापर्यंत पोहोचेतोवर टारफुला लागलेल्या शेतात ज्वारीवर ज्वारी न घेता मध्ये एखादे वर्ष कपाशी किंवा सोयाबीन घ्यावे. ही पिके टारफुल्याला थारा देत नाहीत आणि तो फुलायच्या आत उपटून टाकला तर जमिनीतला बियांचा साठा वर्षागणिक उतरतो.