हनुक्का

हनुक्का : ज्यू लोकांचा आठ दिवसांचा दीपोत्सव. हिब्रू पंचांगातील किस्लेव महिन्याच्या २५ तारखेपासून तो पाळतात; इंग्रजी वर्षात तो बहुधा डिसेंबरात येतो. हिब्रू महिने चांद्र असल्याने सणाच्या मधल्या रात्री अमावास्येच्या आसपासच्या, म्हणजे काळोख्या असतात. ‘हनुक्का’ म्हणजे अर्पण किंवा प्रतिष्ठापना. शिक्षण या अर्थाचा ‘हिनुख’ हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे आणि सणाचे आध्यात्मिक विवेचन करणारे या नात्याचा आवर्जून उल्लेख करतात. तोरातील (ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातील) सणांत हनुक्काचा समावेश नाही, म्हणून या दिवसांत कामधंदा वर्ज्य नसतो.

उगम : सीरियातील ग्रीक सेल्युसिड घराण्याचा राजा चौथा अँटायओकस (कार. इ. स. पू. १७५–१६४) याने जेरूसलेमच्या मंदिरात परकी उपासना सुरू केली आणि ज्यू आचारांवर बंदी घातली. त्याविरुद्ध मोदीईन गावचा पुरोहित मत्तथ्या आणि त्याचे पुत्र यांनी बंड केले. मत्तथ्याचा पुत्र यहूदा मक्काबी याने मंदिर सोडवून नव्या वेदीची प्रतिष्ठापना केली. हे वर्ष इ. स. पू. १६४ असावे, काही अभ्यासक ते एक वर्ष मागे नेतात.

सण आठच दिवसांचा का, हा प्रश्न मात्र वादग्रस्त आहे. मक्काबींच्या (यहूदा व त्याच्या बांधवांच्या) पहिल्या ग्रंथात आठ दिवसांच्या प्रतिष्ठापनेचे वर्णन आहे, पण कारण दिलेले नाही आणि पुढे दिलेल्या तेलाच्या चमत्काराचा उल्लेखही नाही. दुसऱ्या ग्रंथानुसार बंडखोर डोंगरकपारींत लपलेले असल्याने त्यांना मांडवांचा सण (सुक्कोत) वेळेवर करता आला नव्हता. त्याची आठवण म्हणून त्यांनी हे आठ दिवस त्याच धर्तीवर पाळले. या ग्रंथाच्या आरंभी असलेल्या पत्रात तर ‘किस्लेव महिन्यातील मांडवांचा सण’ असेच नाव येते. इ. स. पहिल्या शतकाच्या अखेरीस इतिहासकार जोसेफस या सणाला ‘दिवे’ म्हणतो. परंतु ध्यानीमनी नसता स्वातंत्र्य उजाडले म्हणून हे नाव पडले असावे, असा तो केवळ तर्क करतो. तेलाची कथा त्याच्या कानी असती, तर असा तर्क लढवण्याचे कारण नव्हते. मिश्ना या जुन्या धर्मनियमसंग्रहातही हनुक्काचा निर्देश ओझरताच आहे. उंटावर लादलेले जवसाचे तंतू दुकानदाराच्या दिव्याने पेटले, तर नुकसान कोणाचे, या चर्चेत हनुक्काचा दिवा येतो.

सर्वांना ठाऊक असलेली कथा तालमुद या मिश्नावरील चर्चाग्रंथात आहे. मंदिर सोडवल्यावर मुख्य पुरोहिताची मोहोर असलेली तेलाची एकच कुपी सापडली. तेल एका दिवसाचे होते, पण दिवा आठ दिवस जळला. सणाचे मूळ हिवाळ्यातील दीर्घ रात्रींशी निगडित एखाद्या जुन्या उत्सवात शोधण्याचाही प्रयत्न झाला आहे, मात्र त्याला भक्कम आधार नाही. उपलब्ध पुराव्यांत लांबलेल्या सुक्कोतचा पर्याय अधिक सयुक्तिक वाटतो. तेलाची कथा मागाहून पुढे आली असावी. तरीही सणाचा आध्यात्मिक आशय ज्यावर उभा आहे, ती हीच कथा होय.

आध्यात्मिक विवेचन : दिवे लावण्याच्या क्रमाविषयी शम्माय व हिलेल या धर्मगुरूंच्या शिष्यपरंपरांत, म्हणजे दोन घराण्यांत, मतभेद होता. शम्मायच्या घराण्याच्या मते पहिल्या रात्री आठ दिवे लावून रोज एक कमी करावा. हिलेलच्या घराण्याच्या मते एकापासून आरंभ करून रोज एक वाढवावा. तालमुद हिलेलच्या बाजूने देते ते कारण असे : पवित्र बाबतीत चढत जावे, उतरू नये. आचारात हाच पक्ष टिकला. पुढील काळात या वाक्याचा अर्थ मंदिरापुरता न राहता माणसाच्या घडणीपर्यंत पोहोचला. काल जे साधले त्यावर आज थांबू नये आणि एकदम आठ दिवे पेटवण्याचा हव्यासही धरू नये, असा बोध त्यातून घेतात. हसिदी या भक्तिप्रधान ज्यू पंथाची परंपरा शम्मायचे मतही टाकून देत नाही. आग आधी दोष जाळते आणि जाळायचे उरते ते दिवसेंदिवस घटते, असे त्याचे समर्थन केले जाते.

एरवी केवळ तांत्रिक वाटणारा आणखी एक नियम येथे महत्त्वाचा आहे. तालमुदच्या निर्णयानुसार दिवा लावणे हेच कर्तव्य आहे. पुरेसे तेल घालून लावलेला दिवा मध्येच विझला, तर तो पुन्हा लावण्याचे बंधन नाही. प्रयत्न माणसाचा, फळावर त्याची सत्ता नाही, असा अर्थ यातून काढतात. या दिव्यांच्या उजेडात वाचन किंवा काम करता येत नाही. ते केवळ पाहायचे असतात. म्हणून शमाश (सेवक) नावाचा वेगळा दिवा ठेवतात. तो धरून आठ रात्रींचे चव्वेचाळीस दिवे होतात, तो वगळता छत्तीस. जगाला तोलून धरणाऱ्या छत्तीस अज्ञात सज्जनांच्या कल्पनेशी हा आकडा जोडला जातो.

सोळाव्या शतकात धर्मशास्त्रकार योसेफ कारो याने विचारलेला प्रश्न प्रसिद्ध आहे : एका दिवसाचे तेल तर होतेच, मग चमत्कार सातच दिवसांचा; सण आठ दिवसांचा कसा? याला असंख्य उत्तरे दिली गेली आहेत. त्याच्याही आधी तालमुदचा भाष्यकार मेनाहेम मेईरी याने पहिला दिवस सुटकेचा आणि कुपी सापडल्याचा मानला होता. प्रागचा धर्मगुरू महाराल आठ या संख्येला निसर्गातील सातांच्या (सृष्टीच्या सात दिवसांच्या) पलीकडची मानतो. गेर येथील हसिदी गुरू येहूदा लेइब आल्तेर (१८४७–१९०५) यांच्या प्रवचनांत ‘मनुष्याचा आत्मा परमेश्वराचा दीप आहे’ हे बायबलमधील ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथातील वचन धरून, मोहोरबंद कुपी म्हणजे अंतरीचा अस्पर्श बिंदू, अशा वळणाचे विवेचन आढळते. तलवारीच्या विजयापेक्षा आत्म्यावर भर देण्याची ही वृत्ती जुनीच आहे. सणातील शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतिदिनी) ‘बळाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने’ हे जखऱ्या संदेष्ट्याचे वचन ज्यात आहे तोच उतारा वाचतात. ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्रासाठी उभ्या राहिलेल्या आधुनिक झायोनिस्ट चळवळीने मात्र मक्काबींचे लढवय्येपण पुन्हा पुढे आणले.

धर्मशास्त्रकार व तत्त्वज्ञ मैमोनिडीझ (बारावे शतक) सांगतो की, दान मागून जगणाऱ्यानेही अंगावरचे वस्त्र विकून दिव्याचे तेल घ्यावे. पण घरातला रोजचा दिवा आणि हनुक्काचा दिवा यांपैकी एकच परवडत असेल, तर घरातला दिवा आधी. कारण घरातील शांती मोठी.

महाराष्ट्रातील संबंध : कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या जुन्या सणांत नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण (पुरीम) ही नावे आढळतात, हनुक्का आढळत नाही. नवगावच्या किनाऱ्यावर आलेले आपले पूर्वज मक्काबींच्या बंडापूर्वीच मायदेश सोडून निघाले होते, अशी समाजाची परंपरा असून समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हा अभाव तिच्या पुष्ट्यर्थ पुढे केला. दीर्घकाळच्या विलगतेत सण विसरला जाणेही संभवते, त्यामुळे एवढ्यावरून कालनिश्चिती करणे धाडसाचे ठरेल. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे म्हणून हे लोक ‘शनवार तेली’ म्हणवत. तेलाच्या कुपीची कथा त्यांच्याकडे बाहेरून, मुख्यतः कोचीनच्या व नंतर बगदादी ज्यूंच्या संपर्कातून आली असावी. आता मुंबई, ठाणे, पुणे व अलिबाग परिसरातील बेने इस्राएल कुटुंबांत हे दिवे लागतात.